शाळेचं वर्ष आणि लिहिण्याचं वर्ष: नव्याने लिहू लागलेल्या शिक्षकांसाठी

शिकवणारा, घर सांभाळणारा आणि लिहू पाहणारा माणूस भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: वेळच नाही. ते खरं आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी आठवड्याचे 45 तास धरलेत, पाठाच्या तयारीसह. त्याबाहेर घरी आणलेले वह्यांचे गठ्ठे, यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती, रात्री नऊला ग्रुपवर येणारं ‘आजच पाठवा’ असं पत्र, आणि त्यानंतर घर. म्हणून इथे मी असंच धरून चालते की तुमच्याकडे मोकळा तास एकही नाही.

तरी लिहिता येतं. शिक्षकाच्या वर्षाला ठरलेली चाल असते आणि ती आपल्याला आधीपासून माहीत असते, हा आपल्या नोकरीचा मोठा फायदा आहे. पुढच्या ऑक्टोबरमध्ये आपण पेपर तपासत असू, हे आज सांगता येतं. तेव्हा दिवसातून वेळ काढायच्या मागे लागण्याआधी वर्ष मांडून बघा. ‘रोज पहाटे चारला उठून लिहा’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो ज्यांना जमतो त्यांना जमू दे. पण पाच वाजता उठून तीन डबे भरणाऱ्या बाईने आणखी एक तास झोप मोडावी, हे मला पटत नाही. झोप मोडून आधी शिकवणं बिघडतं, मग लिहिणं.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि कथा लिहिते. घरी शाळकरी मुलगा आहे, सासूबाई आहेत. त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील. कनिष्ठ महाविद्यालयात किंवा खासगी क्लासमध्ये शिकवणाऱ्यांनी महिने आणि वार बदलून घ्यावेत.

1. आधी लेखनप्रकार निवडा

सुरुवातीला मन सगळीकडे धावतं. कादंबरी सुचते, कवितासंग्रह काढावासा वाटतो, कुणीतरी सदराचं विचारतं. पहिल्या वर्षी एकच प्रकार घ्या, आणि तो निवडताना घरात सध्या काय चाललंय ते बघा.

घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर सलग दोन तास मिळणार नाहीत. अशा वेळी कविता, बालकविता, सात-आठशे शब्दांचं ललित झेपतं. मूल पाचवीच्या पुढे गेलं असेल आणि आठवड्यातली एक दुपार हाताशी येत असेल, तर अडीच-तीन हजार शब्दांची कथा होते. कादंबरी पहिल्या वर्षी नको, असं माझं ठाम मत आहे. तिच्यातली माणसं महिनोन्‌महिने डोक्यात जागी ठेवावी लागतात. पंधरा दिवसांचा खंड पडला की त्यांना पुन्हा उभं करण्यातच मिळालेली दुपार संपते.

इंदिरा संतांचे पती ना. मा. संत 1946 मध्ये गेले. पदरी तीन मुलं आणि बेळगावातली शिक्षकी नोकरी, अशा अवस्थेत त्या कविता लिहीत राहिल्या. त्यांच्या प्रतिभेशी आपली बरोबरी करायची नाही. घर आणि नोकरी यांच्या मधल्या फटीत कविता राहू शकते, एवढंच त्यातून घ्यायचं.

वाचक कुठला, हेही याच वेळी ठरवा. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. शाळेचं काम आणि लेखन तिथे एकच झालं होतं. तुमच्या शाळेत वार्षिक हस्तलिखित निघत असेल, तर मुलांच्या मजकुरासोबत तुमचं एक पान त्यात येऊ द्या. पहिल्या वर्षी लिहून पुरं करायची सवय लागणं फार महत्त्वाचं असतं. ज्याचा वाचक समोरच बसलाय, असं पान पुरं होतं.

2. वर्षाचा तक्ता काढा

एक फुलस्केप कागद आडवा धरा आणि जून ते मे असे बारा चौकोन आखा. निळ्या पेनाने शाळा भरा. जूनमध्ये प्रवेश, पुस्तकवाटप, वेळापत्रक. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडते, तिथल्यांनी सगळं तसं सरकवून घ्यावं. जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा हा सलग शिकवण्याचा काळ. मग स्वातंत्र्यदिन, गणपती, शिक्षक दिन. ऑक्टोबरमध्ये प्रथम सत्र परीक्षा, पेपर, दिवाळीची सुट्टी. डिसेंबर-जानेवारीत सहल, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीचं बोर्ड, त्याचं पर्यवेक्षण, पेपर तपासणी. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, मग निकाल.

आता लाल पेनाने घर भरा. मुलांच्या परीक्षा, गौरीगणपती, फराळ, ठरलेली लग्नं, आईवडिलांच्या तपासण्यांच्या तारखा, शेती असेल तर पेरणी आणि काढणी. हे पक्कं वेळापत्रक आहे, ‘मध्येच काहीतरी येतं’ असं म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. गौरी दर वर्षी येतात आणि दर वर्षी आपण दचकतो.

पेन्सिलने निवडणूक आणि जनगणना लिहा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावायला मनाई करतं, पण दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तिन्ही कामं त्यातून वगळलेली आहेत. आदेश निघाला की ते काम येणारच. त्या महिन्यात लेखनाचं काही ठरवू नका.

आता कागद लांब धरून बघा. बहुतेकांना तीन जागा मोकळ्या दिसतील: मे महिन्याचा मधला भाग, जुलैपासून गणपतीपर्यंतचे आठवडे, आणि दिवाळी सुट्टी संपल्यापासून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होईपर्यंतचा काळ. या तीन जागांना कामं वाटून द्या. मे हा पहिल्या खर्ड्याचा. जुलै-ऑगस्ट पुनर्लेखनाचा आणि पाठवण्याचा. नोव्हेंबर-डिसेंबर नव्या गोष्टीच्या जुळवाजुळवीचा.

मे महिन्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवीन माणूस सगळी भिस्त त्याच्यावर ठेवतो. सुट्टी कागदावर असते. प्रत्यक्षात 1 मेच्या आसपास निकाल देईपर्यंत आपण शाळेतच असतो. नंतर कुरडया-पापड, लग्नसराई, माहेरी जाणं, आपल्याकडे येणारे पाहुणे, आणि कधी मध्येच लागणारं प्रशिक्षण. मे महिना पूर्ण मिळेल असं धरून जो मोठा बेत करतो, तो जूनमध्ये खट्टू होऊन बसतो. दहा दिवस धरा. त्या दहा दिवसांत कथेचा कच्चा खर्डा सुरुवातीपासून शेवटापर्यंत उतरवायचा, भाषा सुधारत बसायचं नाही. सुधारणा शाळा सुरू असतानाही होते. पहिला खर्डा मात्र शाळा सुरू असताना फार कठीण जातो.

फेब्रुवारी ते एप्रिल आणि पूर्ण ऑक्टोबर या चौकोनांत ‘बंद’ असं लिहून टाका. त्या महिन्यांत लिहायचं नाही, फक्त वाचायचं. आपणच बंद ठेवलेला महिना मनाला टोचत नाही. उघडा ठेवून रिकामा गेलेला महिना फार टोचतो आणि त्या टोचणीने माणसं लिहिणं सोडून देतात. मी अशी चांगली लिहिणारी माणसं पाहिली आहेत.

3. शनिवारची दुपार राखून ठेवा

महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळांत शनिवारी सकाळची शाळा असते. अकरा-साडेअकराला सुटते. आपल्या आठवड्यातली ही एकच दुपार नोकरीने आधीच सोडून दिलेली आहे, आणि ती सगळ्यात आधी बँक, किराणा, दळण आणि आठवड्याचे कपडे यांत जाते. ती कामं जातील तिकडे जाऊ द्या, बुधवारच्या संध्याकाळी टाका, पण शनिवारचे दोन तास लेखनाला द्या. तुमच्या शाळेत शनिवार असा नसेल तर दुसरा वार निवडा. वार मात्र ठरलेला हवा. ‘आठवड्यात कधीतरी’ असं म्हटलं की ते होत नाही.

दोन तासांत किती होतं? सरावाशिवाय हाताने लिहिणाऱ्याचे पाचशे-सहाशे शब्द होतात असं धरा. तीन हजार शब्दांच्या कथेचा खर्डा म्हणजे पाच-सहा शनिवार. महिन्यातला एखादा शनिवार बैठकीत किंवा शिक्षण परिषदेत जाईल, म्हणून सात-आठ धरा. मे महिन्यात अर्धा खर्डा झाला असेल तर जुलैच्या मध्यापर्यंत कथा हातात येते. हा हिशेब तक्त्याच्या मागे लिहून ठेवा. मनात धाकधूक झाली की काढून बघता येतो.

त्या दोन तासांची मांडणी मी अशी सुचवते. पहिली दहा-पंधरा मिनिटं मागच्या वेळी लिहिलेलं शेवटचं पान वाचायचं, फक्त शेवटचं. मग लिहायचं. अडलं तर अडलेल्या जागी कंसात ‘इथे आजीचं बोलणं’ असं टाकून पुढे जायचं. शेवटची दहा मिनिटं नवीन लिहायचं नाही. पुढच्या शनिवारी पहिलं काय लिहायचं, ते दोन-तीन ओळींत टिपायचं. आठवडाभर शाळेत बुडाल्यावर आपल्याला आपलीच कथा परकी वाटते, तेव्हा या ओळी फार उपयोगी पडतात.

कुठे बसायचं हा प्रश्न लहान वाटतो, पण तसा नाही. दोन खोल्यांच्या घरात लिहायला बसलेली बाई दर पाच मिनिटांनी उठवली जाते, आणि त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. ती दिसते म्हणून तिला हाक मारली जाते. शाळा सुटल्यावर तिथेच एखादा रिकामा वर्ग मिळत असेल तर मुख्याध्यापकांना विचारून तिथेच बसा आणि लिहून मगच घरी जा. तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय असतं, बऱ्याच ठिकाणी त्याला अभ्यासिका जोडलेली असते. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे मान खाली घालून बसलेली असतात. त्या शांततेचा आपल्याला फायदा होतो.

4. रोजच्या तुकड्यांत काय करायचं

रोज दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे मिळतात: एसटीची वाट पाहताना, कुकर होईपर्यंत, मुलाला क्लासहून आणायला गेल्यावर. या तुकड्यांत खर्डा लिहायला जाऊ नका. सूर लागेपर्यंत तुकडा संपतो आणि चिडचिड उरते. त्यात टिपायचं आणि तपासायचं.

टिपायचं म्हणजे ऐकलेलं बोलणं, दिसलेली वस्तू, सुचलेलं नाव, आपल्या कथेतला एखादा प्रश्न. लहान डायरी ठेवा, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच निरोप पाठवा. फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टंकन करता येतं. बसथांब्यावर चारचौघांत बोलायला संकोच वाटतो, पण चालताना जमतं. त्यातली विरामचिन्हं आणि जोडाक्षरं नंतर नीट करावी लागतात. ते शनिवारच्या आधी शुक्रवारी रात्री करून ठेवा.

तपासायचं म्हणजे खर्ड्याचं एकच पान घडी करून टाचणवहीत ठेवायचं आणि पेन्सिलने वाचायचं. एका पानातले अनावश्यक शब्द काढायला दहा मिनिटं पुरतात. अख्खा खर्डा बरोबर घेऊन फिरू नका.

ऑफ तासावर फार विसंबू नका, तो बदली तासात जातो. आणि वर्गावर असताना, मुलांना स्वाध्याय देऊन आपलं लेखन कधीही करू नका. तो वेळ मुलांचा आहे. या बाबतीत मला कुठलीच सवलत मान्य नाही.

शनिवार मोकळा राहायचा असेल तर वह्यांचं काहीतरी करावंच लागतं. सगळ्या तुकड्यांच्या निबंधवह्या एकाच आठवड्यात गोळा करू नका, एका आठवड्यात एकच तुकडी घ्या. आणि प्रत्येक निबंधातली प्रत्येक चूक लाल करण्याऐवजी मुलांना आधीच सांगा की या वेळी मी फक्त परिच्छेद बघणार आहे, पुढच्या वेळी फक्त ऱ्हस्व-दीर्घ. एका वहीचा वेळ निम्म्यावर येतो. मुलंही ती एक गोष्ट लक्षात ठेवतात. लाल रेघांनी भरलेलं पान मूल मिटून ठेवतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

5. घरात स्पष्ट बोला

ही पायरी सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. बरेच जण घरात काही न सांगता लिहायला लागतात, चोरून लिहिल्यासारखं. मग कुणी हाक मारली की मनात राग येतो. समोरच्याला तर कळलेलंच नसतं की काही चाललं होतं.

सांगायचं ते नेमकं सांगा. ‘मला लिहायला वेळ हवाय’ यातून कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी असं: “अहो, शनिवारी तीन ते पाच मी आतल्या खोलीत लिहायला बसणार आहे, दिवाळीपर्यंत. त्या वेळात कुणी आलं, गॅसवाला आला, तर तुम्ही बघायचं. पाचला सगळ्यांचा चहा मी करते.” यात वार आहे, वेळ आहे, मुदत आहे, कुणी काय करायचं ते आहे, आणि आपण परत कधी येणार तेही आहे. मुदत आवर्जून घाला. कायमचं काही मागितलं की घर घाबरतं, चार महिन्यांचं मागितलं तर बहुतेक वेळा मिळतं.

सासूबाई किंवा आई घरात असतील तर त्यांना वेगळं सांगा, आणि आधी सांगा. “आई, मी गोष्टी लिहितेय. शनिवारी दुपारी बसते. पुरी झाली की तुम्हाला वाचून दाखवते.” आणि खरंच वाचून दाखवा. ज्या बायकांना स्वतःला कधी दोन तास बसायला मिळालं नाही, त्यांना सुनेचं बसणं खुपू शकतं. त्या खुपण्याकडे चिडून बघू नका. त्यांना ऐकणाऱ्याची जागा दिली की पुष्कळदा त्याच दाराशी राखण बसतात. त्यांच्याकडून मिळणारे शब्द आणि म्हणी हा लाभ वेगळाच. रवीला, जात्याला, उखळाला काय काय म्हणत, हे कोशात शोधण्याआधी त्यांना विचारा.

काम वाटून देताना पूर्ण द्या. शनिवारचं रात्रीचं जेवण नवऱ्याकडे दिलं, तर भाजी कुठली, ती आणायची कधी, हेही त्यानेच ठरवायचं. आठवण आपण ठेवायची आणि हात त्याने चालवायचे, यात डोकं मोकळं होत नाही, आणि लिहायला डोकंच मोकळं लागतं. आमटी पातळ झाली तरी काही बोलू नका.

लिहिणाऱ्या पुरुष शिक्षकांना एक कळकळीची गोष्ट सांगायची आहे. तुम्हाला दार लावून बसायला मिळतं, कारण दाराबाहेर कुणीतरी मुलांना गप्प करत असतं. तुम्ही शनिवार घेतलात तर रविवारची सकाळ तिची, आणि ती तिने कशासाठी वापरायची हे विचारायचं नाही. प्रस्तावनेत पत्नीचे आभार मानण्यापेक्षा हे आधी करा.

लहान मुलांना ‘लिहितेय’ म्हणजे काय ते समजत नाही, घड्याळ समजतं. मोठा काटा कुठे आला की मी बाहेर येते ते दाखवा, आणि त्या ठोक्याला बाहेर या. दोनदा उशीर केलात की मूल तिसऱ्यांदा विश्वास ठेवणार नाही. मोठी मुलं असतील तर त्याच वेळी त्यांना शेजारी त्यांच्या वाचनाला बसवता येतं. तापाला, पडण्याला, शाळेतल्या रडारडीला मात्र दार नेहमी उघडं.

आणि रविवार लेखनाला देऊ नका. आठवड्यात एक दिवस असा हवा की त्या दिवशी आपण खर्ड्याचा विचारही करत नाही, हे घरच्यांना दिसलं पाहिजे.

‘याचे किती मिळतात?’ हा प्रश्न येतोच. खरं उत्तर द्या: सुरुवातीला बहुधा काही नाही, कधी अंक घरी येतो, कधी थोडं मानधन. मानधन मिळालं तर ते उत्पन्न आयकर विवरणात दाखवायचं असतं, फॉर्म भरताना विसरू नका.

6. शाळेत काय पाळायचं

सेवानियम बघून घ्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत, शासकीय कर्मचाऱ्यांना 1979 चे, खासगी शाळांतल्या शिक्षकांना 1981 ची सेवाशर्तींची नियमावली. अधूनमधून कथा-कविता लिहिण्याला सहसा कुणी हरकत घेत नाही. पण नियमित मानधनाचं सदर, पाठ्यपुस्तकाची मार्गदर्शिका किंवा शासनाच्या धोरणावरचं लेखन असेल, तर आधी मुख्याध्यापकांमार्फत लेखी परवानगी मागा आणि पोचपावती जपून ठेवा. तोंडी ‘हो’ माणूस बदलला की जातं.

विद्यार्थ्यांबद्दल लिहिताना फार जपा. आपल्याकडे मुलांच्या घरच्या गोष्टी विश्वासाने येतात: कुणाचे वडील पितात, कुणाची आई सोडून गेली, कुणाचं लग्न ठरवलंय. नाव बदललं म्हणजे झालं असं नाही. गावात ‘सातवीतली, पाय अधू, आजीजवळ राहणारी’ एवढं लिहिलं की कोण ते सगळ्यांना कळतं. तपशिलांची जुळणीच मोडा. इयत्ता, नातं, गाव, ऋतू बदला, दोन-तीन मुलांमधून एक मूल घडवा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करणं हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बालन्याय कायदाही ओळख जाहीर करायला मनाई करतो. कायद्याच्या पलीकडे माझी एक कसोटी आहे: हे मूल पंचविशीत ही कथा वाचेल तेव्हा त्याला आपण उघडं पडलो असं वाटेल का? वाटणार असेल तर ती कथा तशी लिहायची नाही.

7. पाठवा

दिवाळी अंकांची परंपरा का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची. आजही नव्या कथालेखकाला पहिली जागा मिळते ती बहुतेक तिथेच. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं. अनेक संपादक जून ते ऑगस्टमध्ये मागवतात. म्हणून तर जुलैच्या मध्याचा हिशेब. आपल्या जिल्ह्यातून निघणाऱ्या अंकांपासून सुरुवात करा, मागच्या वर्षीचा अंक वाचनालयात चाळून बघा, आणि एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवा. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असावा, पानांचे फोटो नकोत. कुणाकडे काय आणि कधी पाठवलं ते वहीत टिपा.

पुस्तकाइतकं लेखन जमलं तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं पहिलं पुस्तक अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी ती आहे, मंडळाची जाहिरात निघते त्याकडे लक्ष ठेवा. करार वाचून सही करा. हक्क किती वर्षांसाठी देताय ते लिहिलेलं असावं. लिहिलेलं नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे 5 वर्षं धरली जातात. पहिलं पुस्तक काढण्यासाठी पगारातून हजारो रुपये देऊ नका. त्या पैशांवर मुलांच्या फीचा आणि औषधांचा हक्क आधी आहे.

8. खंड पडला तर

पडणारच. मूल आजारी पडेल, बदली होईल, वडिलांचं ऑपरेशन निघेल, निवडणुकीचा आदेश येईल. खंड पडल्यावर अख्खा खर्डा पुन्हा वाचायला बसू नका. इतक्या दिवसांनी वाचलं की सगळंच वाईट दिसतं आणि माणूस फाडून टाकतो. शेवटचं लिहिलेलं पान घ्या आणि ते नव्या कागदावर हाताने जसंच्या तसं उतरवा. उतरवताना हात आपोआप काही शब्द बदलायला लागतो. तिथून पुढे चालू ठेवा.

खंड दोन महिन्यांपेक्षा मोठा असेल तर कथा बाजूला ठेवून एक छोटं काम पुरं करा: शाळेच्या हस्तलिखितासाठी पान, एखादी बालकविता. मग कथेकडे या. आणि त्या वर्षी दिवाळी अंकाची मुदत हुकली, तर घाईघाईने अर्धी कथा पाठवू नका. नोव्हेंबरमधल्या शनिवारांना ती पुरी करा, मासिकांची आणि कथास्पर्धांची दारं वर्षभर उघडी असतात. जूनमध्ये नवं वेळापत्रक मिळालं की पुन्हा फुलस्केप कागद घ्या, आणि या वर्षी प्रत्यक्षात मोकळे मिळालेले शनिवार कोणते होते ते जुन्या तक्त्यावरून नव्यावर आधी उतरवा.